कानात कुर्र

बाळे, सोलापूर
९ मार्च

उजव्या हाताची नखं झाली. डाव्या हाताची राहिली आहेत. वैष्णवी मधेच झोपली आणि तिची मूठ उघडेना, म्हणून ब्रश वाटीत ठेवून हे लिहायला बसले. नखांत काही नव्हतं. तरी घासते.

अक्का, तुम्ही माझा फोन घेत नाही. तुमच्या भावाचा घेता. त्यांच्या फोनवरून मी बोलणार नाही. पत्र पोचेल. पोस्टमन तुमच्या वस्तीपर्यंत येत नसला तरी गावातल्या किराणा दुकानात ठेवून जातो, आणि बाजारच्या दिवशी तुम्ही तिथे जाता.

लिहायचं कारण घोंगडं. सयाजीसाठी तुम्ही आणलेलं, लहान, काळं, पांढऱ्या काठाचं. ते परत करायचं ठरवलं होतं. पांघरणारा राहिला नाही. पण आता ते तसं परत करता येत नाही. देताना तुम्ही म्हणाला होता, "ह्याला पानी दावायचं न्हाय. नुसतं ऊन द्यायचं." सयाजी गेल्यावर मी ते धुतलं. उकळत्या पाण्यात, वर जंतूंचं औषध घालून, दोनदा. लोकर आटली. आता ते हातरुमालापेक्षा थोडं मोठं आहे आणि पुठ्ठ्यासारखं ताठ आहे. वैष्णवी ते बाहुलीवर घालते. बाहुलीला बरोबर होतं.

तेवढंच कळवायचं होतं.

वैष्णवी बरी आहे. घर स्वच्छ आहे. बाहेरच्या चपला जिन्यात राहतात. भाजी मिठाच्या पाण्यात तासभर असते. तुमचे भाऊ चिंचोळीहून कामावरून आले की आधी न्हाणीत जातात, मग मुलीला हात लावतात. मी शाळेत शिकवायला जायचे ते नोव्हेंबरपासून बंद आहे. मीही बाहेरून काही आणायला नको.

पाणी पाचव्या दिवशी येतं. परवा तुमचे भाऊ म्हणाले, "अगं, पिंपात हाय किती? सारखं हातच धुतल्यावर प्यायचं काय?"

मी म्हणाले, मी कमी पिते.

वैष्णवी बाहेर जायचं म्हणत नाही. आधी म्हणायची. आता खिडकीत उभी राहते. समोर रिकामा प्लॉट आहे, तिथे पोरं खेळतात. खिडकीची काच बंद असते, त्यामुळे त्यांचा आवाज येत नाही. फक्त तोंडं हलताना दिसतात.

ती उठली. डावा हात राहिला आहे.

सोनाली


२१ मार्च

अक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं.

खालच्या मालकीणबाईंना तुम्ही बारशाला पाहिलं आहे. सावित्रम्मा. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलतात, मला तंगी म्हणतात. धाकटी बहीण, असा अर्थ त्यांनीच सांगितला. गच्चीवर त्यांच्या कुरडया घालायचं चाललं आहे. काल जिन्यातूनच ओरडल्या, "तंगी, पोरीला वर पाठव. कावळं हाकलायला माणूस पायजे मला."

मी म्हणाले, ऊन आहे.

"उनातच वाळतात कुरडया. सावलीत वाळतात काय?"

मी म्हणाले, तिला बरं नाही.

"बरं कसं असंल? कोरोनात आमी दार लावलं, सरकारनं सांगितलं म्हणून लावलं. उघडा म्हणलं, उघडलं. तुला कोण उघडा म्हणून सांगायचं राहिलंय?"

वैष्णवी माझ्या मागे उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी दार लावलं. सावित्रम्मा बाहेरून म्हणाल्या, "बरं, कावळ्यांस्नी सांगते तुझी भाची यायची न्हाय म्हणून." त्या विनोद करतात. पूर्वी मी हसायचे.

तिला बरं नाही हे खरं आहे. साधा ताप. या महिन्यात दुसऱ्यांदा. कुठून येतो कळत नाही. मेडिकलवाल्याने प्रतिकारशक्तीची पावडर दिली आहे, चॉकलेटच्या चवीची. दुधातून देते. ती पिते आणि मग जेवत नाही. मागे उरलेलं खोकल्याचं औषधही दिलं. खोकला नव्हता.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते.

वैष्णवीने काल बाहुलीचं बारसं केलं. साबणाच्या रिकाम्या खोक्याला दोरी बांधून पाळणा केला. बाहुलीला तुमचं ते आटलेलं घोंगडं गुंडाळलं. मग खाली वाकली, बाहुलीच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र म्हणाली, आणि खोकली. परत कुर्र, परत खोकला.

मी विचारलं, "तुला खोकला आला का?"

"न्हाय की."

"मग का खोकतेस?"

"असंच असतंय. आत्या तसंच करते."

मला तो दिवस जसा दिसतो तसा लिहिते. तुम्हाला वेगळा दिसत असेल. सयाजी सव्वा महिन्याचा होता. तुम्ही सांगोल्याहून एसटीने आलात, तुमच्या धुळाला घेऊन. धुळा खोकत होता. तुम्हालाही ढास होती. मी विचारलं तर म्हणालात, "वाटंनं धूळ खाल्ली, दुसरं काय न्हाय." बायकांनी पाळणा म्हटला. मग नाव ठेवायला तुम्ही पाळण्यात वाकलात, तो आत्याचाच मान. कानात नाव सांगितलंत. कुर्र केलंत. रिवाजाप्रमाणे बायकांनी तुमच्या पाठीत बुक्के मारले. तुम्हाला खोकला आला. सावित्रम्मा म्हणाल्या, "अय्यो, बुक्का जोरात बसला आत्याला." सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही पदर तोंडाला लावून आणखी खोकलात आणि पुन्हा वाकलात, कारण कुर्र पुरं झालं नव्हतं.

त्याचा दीड महिन्याचा डोस अजून व्हायचा होता. तो व्हायच्या आतच खोकला सुरू झाला. तो मोठ्या मुलांसारखा खोकायचा नाही. श्वास थांबायचा, रंग बदलायचा, परत सुरू व्हायचा. मग एकदा परत सुरू झाला नाही. डॉक्टरांनी कागदावर डांग्या खोकला लिहिलं. दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही समोर आलात आणि मी म्हणाले, नावही तुम्ही दिलंत, खोकलाही तुम्हीच दिलात. तुम्ही पायऱ्या उतरून गेलात. तेव्हापासून फोन घेत नाही.

मी ते रागाने म्हणाले नव्हते. मला तेव्हा राग आलेला नव्हता. काहीच आलेलं नव्हतं. अजूनही फारसं येत नाही.

बाहुली धुतली. रंग गेला तिच्या डोळ्यांचा.

सोनाली


६ एप्रिल

अक्का,

तुमचे भाऊ मला न विचारता वैष्णवीला दाखवायला घेऊन निघाले. मी मागून रिक्षात बसले.

पुणे नाक्याकडच्या डॉक्टरीणबाई आहेत. वयस्कर, आवाज मोठा. वजन केलं. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. नखं बघितली. बोटांच्या टोकांची साल निघाली आहे, ती बघितली.

"बाहेर खेळते का?"

"नाही."

"बालवाडी?"

"काढली."

"मग खेळते कोणाबरोबर?"

"बाहुलीबरोबर."

"झोप नीट आहे?"

मी म्हणाले, आहे. तुमचे भाऊ म्हणाले, नाही. मग मला सांगावं लागलं. मी तिच्या नाकापाशी हात धरून बघते. उठवत नाही. ती आपण होऊन जागी होते.

डॉक्टरीणबाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पोर आहे का लोणचं? झाकण लावून बरणीत ठेवलंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "लोणच्यालासुद्धा ऊन दाखवतात."

तुमचे भाऊ हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले.

डॉक्टरीणबाईंनी पावडर बंद केली. उरलेलं औषध पाजायचं नाही म्हणाल्या. प्रत्येक सर्दीला औषध मागू नका, लहान आजारातून शरीर शिकतं. भाकरी, डाळ, मेथी, शेपू, शेंगदाणे कुटून, चालत असेल तर अंडं. दिवेलागणीनंतर लवकर झोप आणि मधे कोणी हात लावायचा नाही. सकाळी आणि ऊन उतरल्यावर मोकळं पळू द्यायचं. हात खायच्या आधी आणि संडासहून आल्यावर साबणाने धुवायचे. "बाकीच्या वेळी हात घाण व्हायलाच असतात," म्हणाल्या.

वैष्णवीने स्वतःचे हात मागे लपवले.

मग म्हणाल्या की काही आजार असे आहेत की त्यात शरीराला शिकायला वेळ मिळत नाही. त्यांची आधी ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी लस. वैष्णवीचं कार्ड त्यांनी उलटसुलट बघितलं. पाच वर्षांचा डोस आहे. तिला या महिन्यातच पाच पूर्ण होतात. "तो द्या आणि सोडा तिला," म्हणाल्या.

मी उठले होते. तुमचे भाऊ उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्याडम, बारक्याला लस वेळेत दिली असती तर?"

"त्याची वेळच झाली नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज लहान केला होता. "एवढ्या लहान बाळाकडे स्वतःचं फार थोडं असतं. आईकडून आलेलं काही, आईचं दूध, आणि भोवतीची माणसं. भोवतीच्यांनी घेतलेलं असलं तर आजार बाळापर्यंत पोचायला वाट कमी मिळते. मोठ्यांचं कोणी बघत नाही. मोठ्यांना नुसती ढास लागते, आणि ती महिनाभर टिकते, म्हणून कोणी मनावर घेत नाही." मग विचारलं, "घरात कोणाला खोकला होता का तेव्हा?"

तुमचे भाऊ माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणाले, आठवत नाही.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलेलं नाही. झालं ते लिहिते आहे.

घरी आल्यावर ते म्हणाले, "मे महिना अक्काकडं पाठवू. शेरडं हायत, धुळा हाय, वस्ती मोकळी हाय."

"तिथे?" मी म्हणाले.

"मग कुटं? मेडिकलच्या दुकानात?"

मी तिचं कार्ड डब्यात ठेवायला लागले.

"एक गेलं म्हणून दुसरीला कोंडून मारायची का?"

वैष्णवी बाहुलीच्या केसांत फणी घालत होती. फणी थांबली. तुमचे भाऊ उठून मोरीत गेले आणि त्यांनी सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. ते पाणी दोन दिवसांचं होतं.

तिला पाठवणार नाही. हे तुम्हाला आधीच कळवून ठेवते, म्हणजे त्यांनी फोनवर विचारलं तर तुम्ही हो म्हणू नये.

सोनाली


२७ एप्रिल

अक्का,

डोस दिला. दंड दुखला, एक रात्र अंग गरम होतं. सकाळी उतरलं. मी पट्टी ठेवली नाही, बघत बसले.

रात्री तिच्या नाकापाशी हात धरत नाही. दोरी बांधल्यासारखा माझा हात उशीखाली ठेवते. ती झोपते. मी झोपत नाही, पण ते कोणी विचारलेलं नाही. सकाळी वैष्णवी सावित्रम्मांच्या गच्चीवर जाते. तिला कावळ्यांचं काम मिळालं आहे, काठी मिळाली आहे. खाली आली की अर्धी भाकरी खाते. समोरच्या प्लॉटवर अजून सोडत नाही.

तुमचा आवाज आला. तुमच्या भावाच्या फोनवर, रेकॉर्ड केलेला. त्यांनी फोन माझ्यासमोर ओट्यावर ठेवला, चालू केला आणि खाली निघून गेले. तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. मी लिहून ठेवलं, कारण फोनमधलं जातं.

तुम्ही म्हणालात: "जोत्या, ह्ये सोनालीला ऐकीव. न्हाय ऐकलं तर ऱ्हाऊ दे. तिची पत्रं आली. म्या वाचली, हळूहळू वाचली. धुळाला सुई दिली. सिस्टर लई वरडली. म्हनली, मागचा डोस कुटं गेला ह्याचा? म्हनलं, मेंढरांमागं गेला. त्या साली आमी भीमेच्या अंगाला व्हतो की, कार्ड घरात आन् पोरगं रानात. मग म्हनलं, बाई, मला बी टोच. तर हसाय लागली. म्हनली, तुमच्यासाठी हितं न्हाय, सांगोल्याला खाजगीत बगा. गेले तितं. डॉक्टर म्हनला, या वयात तुमाला कशाला पायजे? म्हनलं, भाचीला हात लावायचाय. मग दिली त्यानं. दंड सुजला व्हता. काय न्हाय झालं."

मग तुम्ही थांबलात. मग म्हणालात: "पोरीला पाठव. म्या तिच्या तोंडापाशी तोंड न्हेनार न्हाय. लांबनं बगीन."

मी ते परत लावलं. तुमच्या शब्दांसाठी नाही. शब्दांच्या मधल्या जागा ऐकण्यासाठी. खोकला नव्हता. मागे एक शेळी ओरडत होती आणि कोणीतरी लोखंडी दार ओढत होतं. पुन्हा लावलं. नव्हता.

मी स्वतः तिला घेऊन येते. १६ मेला, दुपारच्या गाडीने. एक रात्र राहीन. सकाळी ठरवीन. ठरवीन असं लिहिलं आहे, हो असं लिहिलेलं नाही. सकाळी तिला परत घेऊन निघाले तर अडवू नका आणि विचारू नका.

सोनाली


१८ मे

अक्का,

तुम्ही तिथेच होता, तरी लिहिते. आपण बोललो फार थोडं.

गाडीतून उतरलो तेव्हा तुम्ही फाट्यावर उभ्या होता. वैष्णवीला उचलून घ्यायला हात पुढे झाले आणि परत पोटाशी गेले. तुम्ही पिशवी घेतलीत. मग आमच्या पुढे चाललात, बरंच अंतर ठेवून. वैष्णवीने विचारलं, "आत्या रुसली का?" मी म्हणाले, नाही. "मग लांब का जाती?" तुम्हाला ऐकू गेलं असेल, कारण तुम्ही चालणं हळू केलंत, अंतर मात्र तेवढंच ठेवलंत.

वस्तीवर आल्यावर मी आधी पाण्याची टाकी बघितली. तुम्ही मला बघताना पाहिलंत. टाकीच्या नळाला जुना शाळेचा मोजा बांधला होता आणि मोज्यात साबण. मी तो बोटांनी चाचपला. झिजलेला होता. कालच बांधलेला असता तर अख्खा असता. तुम्ही म्हणालात, "धुळाचा मोजा हाय. दुसरा हरवला म्हणून." मी म्हणाले, बरं केलंत. बाकी दुपारभर आपण तेवढंच बोललो.

वैष्णवी अंगणात अंथरलेल्या घोंगड्यावर उभी राहिली. खाली उतरेना. धुळा आला. बघून म्हणाला, "हिला काय पाय न्हाईत व्हय?"

"हायत की," ती म्हणाली.

"मग? सोलापुरात उडत्यात का समदी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही चुलीपाशी होता. भाकरी थापायचा आवाज थांबला. मी मान हलवली नाही. नको असंही केलं नाही. तिने एक पाय मातीत ठेवला, उचलून तळवा बघितला, परत ठेवला. धुळा म्हणाला, "चावत न्हाय ती." तुम्ही परत थापायला लागलात.

संध्याकाळी मेंढरं आली. आदल्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू होतं, पांढरं, एक कान काळा. वैष्णवीने त्याला मांडीत घेतलं. त्याने तिच्या झग्यात केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी कुठेच बघत नव्हते.

"ह्याचं नाव काय?" तिने विचारलं.

धुळा म्हणाला, "कोकराला नाव कशाला? कापायचं..." तुम्ही त्याच्याकडे बघितलंत.

"आत्या, बारसं कर ह्याचं."

तुम्ही म्हणालात, "तूच कर की."

"आत्या करत असती. मी बहीण हाय त्याची." ती कोकरू दोन्ही हातांत धरून तुमच्याकडे आली. तुम्ही मागे सरलात. ती पुढे आली. तुमच्या पाठीला भिंत लागली. "कानात सांग. कुर्र कर."

"म्या न्हाय करायची, बाळा. आत्याला येत न्हाय आता."

"येतंय. तू केलंतीस."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सहा महिन्यांत पहिल्यांदा. दवाखान्याच्या जिन्यात तुमचा चेहरा असाच होता, फक्त तेव्हा मी तो बघितला नव्हता.

मी म्हणाले, करा.

तुम्ही खाली बसलात. पदर तोंडावर घट्ट धरलात आणि कोकराच्या काळ्या कानाशी गेलात. नाव सांगितलंत. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग कुर्र केलंत, फार हळू. वैष्णवी वाट बघत होती. म्हणाली, "आई, बुक्का मार की. मारायचा असतोय."

मारायला तिथे दुसरी बाई नव्हती. मी पुढे झाले आणि तुमच्या पाठीत मारलं. जोरात लागलं असणार. माझा हात नंतर दुखला. एकदा मारायचा तो मी दोनदा मारला. दुसरा का मारला ते मला सांगता येत नाही. तुम्ही वळून बघितलं नाहीत. खांदे थोडे खाली गेले, तेवढंच.

मग तुम्हाला ठसका लागला.

तुम्ही पदर तोंडात कोंबलात आणि उठून पळालात. मेंढरं कोंडायच्या वाघुराच्या जाळीपलीकडे जाऊन उभ्या राहिलात, आमच्याकडे पाठ करून. वैष्णवी कोकराला म्हणाली, "बघ, असंच असतंय."

मी तांब्या भरला. तुमच्यापर्यंत आले. तुम्ही मागे न बघता हाताने लांब राहा असं केलंत. मी लांब राहिले नाही. तुम्हाला पाणी दिलं आणि तुम्ही पिईपर्यंत उभी राहिले. तो ठसका होता. एकदाच आला आणि गेला. खोकला आणि ठसका यांतला फरक मला कळतो. आता कळतो. हे मी तिथे बोलायला हवं होतं. बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणालात, "काय सांगितलं कानात, इचारत न्हाईस?"

मी म्हणाले, नाही.

तुम्ही म्हणालात, "तेच."

नंतर आपण जेवलो. वैष्णवीने दीड भाकरी खाल्ली, शेंगाच्या चटणीशी. तुम्ही तिच्या ताटापासून लांब बसला होता. तिने तिचं ताट उचललं आणि तुमच्याजवळ नेऊन ठेवलं. तुम्ही माझ्याकडे बघायच्या आत मी तांब्या आत ठेवायला गेले.

ते आटलेलं घोंगडं पिशवीत तळाशी होतं. तुमच्याकडे ठेवून आले आहे. त्याला ऊन द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी आपली आपण उठली. तिच्या नखांत माती होती. मी ब्रश नेला नव्हता. तिने नळाच्या मोज्यावर हात घासले, उभ्यानेच भाकरी खाल्ली आणि धुळाच्या मागे मेंढरांकडे गेली. मी पहिल्या गाडीने एकटी सोलापूरला आले.

सोनाली